ऐरणीची वाटणी

तिला सगळे ठिणगी म्हणत. आबांच्या भट्टीपाशी राबताना दोन्ही हातांवर ठिणग्यांचे काळे डाग उमटले, तेव्हापासून. आबा, म्हणजे तिचा बाप, तोंडाने कमी आणि हाताने जास्त शिकवायचे. लोखंड पुरतं तापायच्या आत बाहेर काढलं की पाठीत सांडशी, घाव तिरका पडला की कानाखाली जाळ. "लोखंड आणि लेकरं गरम असतानाच वाकवायची," असं वर ऐकवायचे.

दादाला वाकणं जमलं नाही. एकदा हातून काम बिघडलं, तेव्हा आबांनी लालभडक कांब ऐरणीवरून उचलली आणि त्याच जागेवर त्याचा तळहात दाबून धरला. त्या हाताची दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. मिसरूड फुटायच्या आत तो घरातून पळाला.

आबा गेले, पण भट्टी विझली नाही. ठिणगी बिजागऱ्या, कुदळी, कोयते घडवत राहिली. आजोबांच्याही आधीपासून घरात असलेली ती ऐरण म्हणजे तिचं पोट होतं.

कैक वर्षांनी एका दुपारी दादा आला. ना रामराम ना विचारपूस, सरळ कोपऱ्यातला घण उचलला.

"बाजूला हो, ठिणगे. आज हिचे तुकडे करतो."

"ऐरण आहे दादा, मडकं नाही."

"दात काढू नकोस. आबांवर हात उचलायची छाती झाली नाही माझी. हिला तरी फोडू दे."

"हिच्यावर माझी चूल पेटते! आणि ऐक, उघड्या ऐरणीवर घण घालू नकोस. पोलादावर पोलाद आपटलं की कपची उडते."

"झाली सुरू आबांची टकळी!"

हा धडा ठिणगीला आबांनी थोबाडीत देऊन दिला होता. तो शिकायच्या आधीच दादा पळाला होता.

पहिला घाव नुसताच उसळला. घण दादाच्या हनुवटीला चाटून गेला, ओठ फुटला. ठिणगीने झेप घेऊन त्याच्या बरगडीत कोपर घातलं. त्याने तिला केसांना धरून कोळशाच्या ढिगावर आपटलं. तोंडात कोळसा, कपाळावर रक्त. पडल्यापडल्याच तिने सांडशी त्याच्या गुडघ्यावर हाणली. तो ढोरासारखा ओरडला, पण घण सोडला नाही. लंगडत, आबांच्या नावाने शिव्या घालत त्याने दुसरा घाव ऐरणीच्या कडेवर घातला.

टण्ण झालं आणि दादा मटकन खाली बसला. खांद्यातून रक्ताची चिळकांडी उडत होती.

ठिणगीने डोक्याचं फडकं सोडून जखमेवर दाबलं. "हलू नकोस, मेल्या!"

"फुटली का?"

"कोपरा गेला."

"कुठे पडला?"

"तुझ्यात."

दादा हसायला गेला आणि कळवळला.

डॉक्टरांनी कपची काढली नाही. ती हाडाला बिलगून बसली होती, काढायला जावं तर हातच जायचा. पुढे वहिनी भट्टीत हिस्सा मागायला निघाली, तेव्हा दादाने तिला दारातच अडवलं.

"माझा वाटा मला मिळाला," तो खांद्यावर हात ठेवत म्हणाला. "बाकीची ऐरण तिची."

ठिणगीने तुटकी कड घासून घेतली आणि काम सुरू केलं. थंडीत दादाचा खांदा ठणकतो. तेव्हा तो आबांना शिव्या घालतो, आणि मग बहिणीला निरोप धाडतो: कोपऱ्याकडून जपून ठोक.