व्हायरस लागलेली फ्लॉपी

काल कपाट आवरताना एक निळी फ्लॉपी सापडली आणि आगाशीचं काकूचं घर आठवलं. आमच्या सगळ्या नातेवाइकांत पहिला कॉम्प्युटर तिच्या मुलीला, सुनीताला मिळाला. व्हायरस शिरेल म्हणून काकू आम्हाला पाय धुतल्याशिवाय कॉम्प्युटरच्या खोलीत सोडायची नाही. आम्ही हसायचो, पण आतून मी जळायचे.

एकदा क्लासमधली व्हायरस लागलेली फ्लॉपी मी मुद्दाम नेली. सुनीताने ती घालताच अँटिव्हायरसने व्हायरस पकडला, लाल चौकट दाखवली आणि फ्लॉपी साफ केली.

"तुझी फ्लॉपी वाचली गं!" सुनीता आनंदाने म्हणाली.

माझ्या मनात आलं, हिच्याकडे अँटिव्हायरससुद्धा आहे!

आज मी काकूला हसत नाही. त्या दिवशी व्हायरस माझ्याच धुतलेल्या पायांनी आत आला होता.