जीपची थरथर

आमच्या ह्यांनी जीप उंच करून घेतली, कंपनीची काढून बाहेरची रुंद चाकं बसवली, तेव्हापासून ती हायवेवर थरथरते. परवा गॅरेजात हे मिस्त्रीला सांगत होते, "ऐंशीला सुरू होतं, शंभरला थांबतं. सीट नाही, नुसतं स्टिअरिंग हलतं."

"मग पुढचंच चाक," म्हणत मिस्त्री खाली वाकला.

बाई गं, किती ते लक्ष! जीव असला की माणसाला बारकावे कसे तोंडपाठ होतात. मला त्या जीपचा हेवाच वाटला.

"माझा कुठला गुडघा दुखतो, सांगा बघू?" मी ह्यांना विचारलं.

"डावा."

"उजवा, काकू," चाकामागून मिस्त्री बोलला. "उतरताना तोच जपत होता तुम्ही."

तेव्हापासून मी त्या मिस्त्रीच्या बायकोवर जळते आहे. तिला मी पाहिलेलंसुद्धा नाही.