लेटी मावशीची सुटकेस

थेल्मा ह्रुश्काला न्यूयॉर्कात थेल्मा म्हणून ओळखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकी सगळ्या गावाची ती लेटी मावशी. ती राहायची त्या अस्टोरियातला खाटीक मांस बांधता बांधता तिला विचारायचा, "नेलच्या नवऱ्याचं काय झालं हो मावशी? सोडून गेला म्हणे?" बसमध्ये एखादी अनोळखी बाई खांद्यावर टकटक करून दटावायची, "तुम्ही त्या पोरीला फार डोक्यावर चढवून ठेवलंय." एकदा मालिकेत मावशीच्या पायांना भेगा पडल्याचा प्रसंग झाला, तर पुढच्या आठवड्यात स्टुडिओत लोकरी मोज्यांचे चौतीस जोड आले. थेल्माच्या स्वतःच्या पायांना भेगा होत्याच, तिने दोन ठेवून घेतले.

मालिकेचं नाव 'लिंडेन गल्लीतलं घर'. एकेचाळीस साली ती रेडिओवर सुरू झाली तेव्हापासून थेल्मा तिच्यात होती, आणि पन्नास साली मालिका टेलिव्हिजनवर गेली तशी तीही गेली. सोमवार ते शुक्रवार, दुपारी पाऊण वाजता, पंधरा मिनिटं. त्यातली तीन साबणाच्या जाहिरातीची, उरलेली बारा मावशीच्या स्वयंपाकघरात. सगळं थेट प्रक्षेपण. इकडे तोंडातून शब्द बाहेर पडला की तिकडे देशभरच्या बायका इस्त्री हातात धरून तो ऐकत असायच्या. पुसायची, पुन्हा करायची सोय नाही. रोज सकाळी आठला जायचं, नवी पानं पाठ करायची, पाऊण वाजता बोलायची आणि एक वाजता विसरायची, म्हणजे उद्याच्या पानांना डोक्यात जागा होते. हे बारा वर्षं केल्यावर माणूस दमतो. थेल्मा नुसती दमली नव्हती, पार थकून गेली होती. तिला स्वप्नंसुद्धा संवादांची पडायची.

आणि घरी एमिल होता. एमिल चाळीस वर्षं बेकरीत पाव भाजत आला. तो पहाटेच्या आधी कामाला जायचा, ती झोपलेली असायची. तो परत यायचा तेव्हा ती टोपी घालून दारात उभी. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण त्यातली बरीचशी दारातच गेली. मागच्या हिवाळ्यात त्याच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी बेकरी बंद करायला लावली. थेल्माला बाजूला घेऊन ते म्हणाले, "जे काही करायचं राहिलंय ते आता करा. पुढच्या वर्षावर ढकलू नका." राहिलं होतं ते एवढंच, की उत्तरेला तळ्याकाठी एमिलच्या चुलतभावाचं लाकडी घर रिकामं पडलं होतं, आणि तिथं जाऊन दोघांनी सकाळचा चहा एकत्र प्यायचा.

मालिका लिहिणाऱ्या मिस ऑर्डवे शिकागोत राहायच्या आणि फोनवरून पात्रांना मारायच्या-जगवायच्या. मला आता सोडा, म्हणून थेल्माने त्यांना तीनदा गळ घातली. करार तेरा-तेरा आठवड्यांचे असत. दोन करार बाईंनी "बघू" म्हणत काढले, तिसऱ्याला त्यांनी हात टेकले. लेटी मावशी शुक्रवारी बसने बहिणीकडे कायमची राहायला जाईल, असं ठरलं. मरण नको, असं थेल्माने स्वतःच सांगितलं होतं. एमिल घरी बघत असतो, त्याला ते बघवलं नसतं.

कोणी नुसतं आजारी पडलं, तर त्याची एक रीत होती. मावशीच्या स्वयंपाकघरात एक जिना होता. ज्याला यायला जमलं नाही, तो त्या दिवशी "वर झोपलाय". नेलचा धाकटा भाऊ असाच दोन वर्षांपूर्वी डोकं दुखतं म्हणून वर गेला, कारण त्या नटाला हॉलिवूडचं बोलावणं आलं होतं. तो अजून वरच आहे.

शुक्रवारी सकाळी थेल्मा नवी तपकिरी सुटकेस घेऊन स्टुडिओत गेली. तळ्याच्या प्रवासासाठी घेतलेली. बारा वर्षांत साठलेलं सामान त्यातून घरी न्यायचं होतं: पावडरचा डबा, सपाता, तिचा स्वतःचा एप्रन. तिथं कपडे ज्याचे त्याने घरून आणायचे असत.

त्या दिवशी मोठा संवाद मर्ना डॉयलला होता. मर्ना म्हणजे नेल, मावशीची भाची. बावीस वर्षांची, दिसायला देखणी, पाठांतराच्या नावाने आनंद. ती आपले संवाद चिठ्ठ्यांवर लिहून सगळीकडे चिकटवायची, साखरेच्या डब्यात, किटलीच्या मागे, कोबीच्या पानाखाली. एकदा तिने कोबी खरंच चिरला आणि अर्धं भांडण त्यात गेलं. आज तिने मावशीची सुटकेस भरता भरता पानभर बोलायचं होतं, म्हणून स्टुडिओच्या जुन्या सुटकेसच्या झाकणात आतून तिने सगळं पान डकवून टाकलं होतं.

पाऊण वाजायला आठ मिनिटं असताना त्या जुन्या सुटकेसची कडी तुटली. झाकण राहीना.

"दुसरी आहे का रे कुणाकडे?" दिग्दर्शक गस वरच्या काचेच्या खोलीतून ओरडला.

"माझी घ्या," थेल्मा म्हणाली. तिने आपलं सामान खुर्चीवर ओतलं आणि नवी सुटकेस टेबलावर नेऊन ठेवली. अडलेल्याला हात द्यायची तिला सवय होती. झाकणातली चिठ्ठी तिलाही आठवली नाही, मर्नालाही नाही. मर्ना तेव्हा केस विंचरत होती.

ऑर्गन वाजला. लाल दिवा लागला. पहिली चार मिनिटं नीट गेली. मग नेल म्हणाली, "मावशी, तू बस, मी भरते तुझं सामान," आणि तिने सुटकेस उघडली.

आत कोरं तपकिरी अस्तर. मर्ना त्याकडे बघत राहिली. एक सेकंद, दोन, तीन. घरी बसलेल्या माणसाला तीन सेकंद म्हणजे काहीच नाही. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलेल्याला विचारा. थेल्माने लगेच सावरलं. "तुला काय म्हणायचंय ते कळतंय गं मला," ती म्हणाली. "तुझी आई गेली तेव्हापासूनचं सगळं तुझ्या डोळ्यांपुढून जातंय ना?" हा मर्नाच्या संवादाचाच पहिला भाग होता. एवढं हातात दिल्यावर कोणीही पुढे गेलं असतं. मर्ना गेली नाही. तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. डोळे भरून आले, आणि ते नेलचे नव्हते, तिचे स्वतःचे होते. तिने थेल्माचा हात धरला. तो हात बर्फासारखा गार होता. डोक्यात जे एकच वाक्य उरलं होतं ते ती बोलली.

"जाऊ नकोस मावशी."

थेल्माचं उत्तर ठरलेलं होतं. 'माझी बस चुकेल, पोरी.' मग कोट घालायचा, दार उघडायचं, संपलं. वाक्य जिभेवर होतं. पण तो गार हात सुटेना आणि पोरगी खरोखर रडत होती, आणि बारा वर्षं जी बाई रोज दुपारी कुणाला ना कुणाला जवळ घेत आली, तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं:

"बरं बाई, नाही जात. रडू नकोस. नाही जात मी कुठं."

ऑर्गनवाल्याने गोंधळून आनंदाची धून वाजवली. वर काचेमागे गसने कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

लाल दिवा विझला आणि मर्ना खुर्चीत कोसळली. "थेल्मा, मला माफ कर गं. माझं पान त्या दुसऱ्या सुटकेसमध्ये राहिलं."

"असू दे," थेल्मा म्हणाली. "नाक पूस आधी."

या धंद्यात एक गोष्ट अशी होती की हवेत गेलेला शब्द लेखिकेलाही परत घेता येत नसे. पंधरा मिनिटांत शिकागोहून फोन आला. "काय केलंस हे थेल्मा?" मिस ऑर्डवे म्हणाल्या. "आता सोमवारी लेटी निघून गेली तर ती खोटारडी ठरेल. बायका मला फाडून खातील." तोवर खालच्या टेलिफोनवाल्या मुलींना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. साबणाच्या कंपनीचा माणूस डोळे पुसत आला आणि म्हणाला, "माझी बायको रडत होती हो फोनवर! तेरा आठवडे तरी पाहिजेत. सोमवारी सही करून टाका." थेल्माला नाही म्हणायचं होतं. पण सगळे इतके खुशीत होते आणि ती इतकी दमली होती, की ती नुसती "बघते" म्हणाली. तिने पावडरचा डबा आणि सपाता पुन्हा फळीवर ठेवल्या आणि रिकामी सुटकेस घेऊन घरी निघाली. स्वतःचा तिला इतका राग आला होता की स्टेशन मागे पडलं तरी कळलं नाही.

एमिल खिडकीशी बसला होता. टेलिव्हिजन बंद होता. त्याच्या चुलतभावाने पाठवलेली किल्ली समोरच्या टेबलावर होती.

"आपली सुटकेस छान दिसली," तो म्हणाला.

"एमिल, पोरगी अडली होती."

"पाहिलं मी."

"तिचा हात गार पडला होता रे. माझ्या तोंडून निघून गेलं."

"अगं, मी कुठं काय म्हणतोय." तो उठला, किल्ली उचलून खणात ठेवली. सूप गरम करायला ठेवलं. "किती? तेरा?"

"तेरा."

"मग तोवर पानं गळून गेलेली असतील. तळंही गोठायला लागेल."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. दोघांनी कोबीचं सूप खाल्लं. मग पाव मोडता मोडता तो म्हणाला, "एक मात्र कळलं. 'जाऊ नकोस' म्हटलं की तू थांबतेस. एकतीस वर्षांत मला कधी सुचलंच नाही."

तो हे चेष्टेतच म्हणाला. पण थेल्माचा चमचा सुपातच राहिला. शनिवार गेला, रविवार गेला.

सोमवारी सकाळी ती पलंगाच्या कडेला बसून बूट चढवत होती. उजवा घातला. डावा हातात घेतला. एमिल दाराशी उभा होता, पायजम्यात, हातात दोन कप. रोज एकच असायचा.

"थेल्मा," तो म्हणाला. "जाऊ नकोस."

त्याला ते बोलायला जड गेलं, कान लाल झाले. आयुष्यभर पिठाशी बोललेला माणूस तो. थेल्माने त्याच्याकडे बघितलं. मग हातातला बूट खाली ठेवला आणि लंगडत टेलिफोनपाशी गेली.

"गस, मी येत नाहीये. सही केलेली नाही मी अजून."

पलीकडून गसने दिलेल्या शिव्या एमिललाही ऐकू गेल्या. मग तो थकून म्हणाला, "अगं पण मी लोकांना काय सांगू? जात नाही म्हणालीस ना तू, सगळ्या देशादेखत?"

"कुठं गेले मी? घरातच आहे. वर पाठव मला."

"किती दिवस?"

"त्या पोराला विचार, तो अजून वरच आहे."

पलीकडे गस हसला असावा. "नवऱ्याला सांभाळ," म्हणाला आणि फोन ठेवला.

पाऊण वाजता दोघं टेलिव्हिजनपुढे बसले. थेल्माने ती मालिका घरी बसून कधी पाहिलीच नव्हती. स्वयंपाकघर तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान दिसलं. नेलने खिडकीतून शेजारणीला सांगितलं, "मावशीला बरं नाही हो, वर झोपलीय." मग ती ट्रे घेऊन जिन्यापाशी आली.

"वरची खोली कशी आहे गं?" एमिलने विचारलं.

"खोली कसली. सात पायऱ्या आणि एक फळी. सुतार तिथं बसून डबा खातो."

"खरं सांगतेस?" तो हिरमुसला. "मला वाटायचं खिडकी असेल."

पडद्यावर मर्नाने ट्रे तिसऱ्या पायरीवर ठेवला. तिने आज किटलीमागे बघितलं नव्हतं, कोबीलाही हात लावला नव्हता. वर त्या फळीकडे बघून ती म्हणाली, "मावशी, खूप केलंस गं आमचं. झोप आता. कुणी उठवणार नाही तुला." हे मिस ऑर्डवेंचं नव्हतं. मिस ऑर्डवे इतकं थोडक्यात लिहीत नसत.

"हो गं," थेल्मा टेलिव्हिजनला म्हणाली, आणि तिला रडू आलं.

एमिलने खणातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. साबण सुरू व्हायच्या आत त्याने बटण फिरवलं. सकाळपासून थेल्मा एकच बूट घालून बसली होती. तिने वाकून तो काढला.