हॅड बीन

इंग्रजी बोलणारी माणसं पुणे जिल्ह्यात ढिगानं सापडतील, पण पास्ट परफेक्ट कंटिन्युअस टेन्स त्याच्या हक्काच्या जागी बसवणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा थोरला मामा आहे. आधीच्या पिढ्यांनी मेंढरं राखली, मामांनी व्याकरण राखलं. एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून नोकरी झाली, निवृत्तीनंतर निरगुडसरला ऊस लावला आणि उरलेला सगळा वेळ लोकांच्या क्रियापदांवर घातला. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मंचरला बसनं रखडवलं होतं. जरा छाप पडावी म्हणून दारातच म्हणालो, "आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स." मामांनी मला उंबऱ्यावरच थांबवलं. "पावणं, बस आली का न्हाई?" "आली, म्हणून तर पोचलो." "मग हॅड बीन वेटिंग म्हणा. ह्या टेन्सला दोन गोष्टी लागत्यात. एक चालत आलेली, आन दुसरी मधी येऊन कडमडलेली." आतून मामी ओरडल्या, "अवो, जावयाला आधी टेकू तरी द्या!"

वेळकाळ हा शब्द मामांना फक्त व्याकरणापुरताच ठाऊक होता. शेजारचे आजोबा गेले तेव्हा अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकणारी त्यांची नात फोनवर कुणाला तरी रडत सांगत होती, "ही वॉज सफरिंग फ्रॉम टू इयर्स." मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सांत्वन करताहेत असं समजून चार बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी जवळच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं. मामा हळूच म्हणत होते, "फॉर, बाळा, फॉर. हॅड बीन सफरिंग फॉर टू इयर्स."

अशा माणसाच्या उसात दोन वर्षांपूर्वी बिबट्या शिरला. बारा दिवस येत राहिला आणि तेराव्या दिवशी मामांचं कुत्रं घेऊन गेला. गावातल्या कुणीही मराठीत चार ओळी खरडल्या असत्या. मामांनी वनखात्याला इंग्रजीत अर्ज लिहिला, त्यातही त्यांचं लाडकं वाक्य असं: अ लेपर्ड हॅड बीन व्हिजिटिंग अवर शुगरकेन फॉर ट्वेल्व्ह डेज व्हेन इट टुक अवर डॉग. आठवडा गेला, पिंजरा काही आला नाही. मामी संध्याकाळी पाच वाजताच दाराला कडी लावू लागल्या. शेवटी मामांना मोटारसायकलवर बसवून मी ऑफिसात घेऊन गेलो.

तिथं एक तरुण वनरक्षक बाई होत्या. फाईल चाळून त्या म्हणाल्या, "काका, हॅड बीन म्हणजे येत होता, पण कुत्रं नेल्यावर थांबला, असंच ना? म्हणून साहेबांनी पिंजऱ्याचं काही केलं नाही."

मामांचा चेहरा उजळला. एवढ्या आयुष्यात पहिल्यांदाच सरकारात कुणाला तरी तो टेन्स कळला होता. मग हळूहळू त्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला. "तुमी बरोबर वाचलं, बाई," ते पडेल आवाजात म्हणाले, "पण त्यो अजून येतोय."

"मग तसं लिहायचं ना, काका!"

दुसऱ्या दिवशी पिंजरा लागला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यात मादी सापडली. निम्मं गाव गोळा झालं. पोरं मोबाईल उंच धरून उभी होती. पिंजरा गाडीवर चढला, तेवढ्यात मामा वाकून बघायला लागले आणि एकदम गाडीच्या पुढं जाऊन उभे राहिले.

"हिला दूध हाय. पिलं उसात असतील. ती सापडल्याबिगर गाडी हलायची न्हाई."

"मामा, तुमचंच कुत्रं खाल्लं व्हतं तिनं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"व्हय. खाल्लं."

एवढंच बोलले. लोक चिडले, कुणी म्हातारा बिघडला म्हणालं. पण मामा हटले नाहीत. वनरक्षक बाईंनी मादीच्या पिंजऱ्याकडे बघितलं, मग मामांकडे, आणि माणसं उसात पाठवली. मामी चहाची किटली घेऊन बांधावर येऊन बसल्या. दुपार कलता कलता पाचटात दोन पिलं सापडली, मांजराच्या पिलांएवढी, डोळे नुकतेच उघडलेली. ती आईबरोबर त्याच गाडीनं गेली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मामा रस्त्यात उभे होते. त्या दिवशी त्यांनी कुणाचीही चूक काढली नाही.

हल्ली महिन्या-दोन महिन्यांनी ते त्या बाईंना फोन करतात, साध्या मराठीत. "ती तिघं कशी हायेत?" विचारतात. बाई "बरी आहेत" म्हणतात. खरंच बरी आहेत की म्हाताऱ्याचं मन राखायला त्या तसं म्हणतात, हे मी कधी विचारलं नाही. मामाही विचारत नाहीत. फोन खाली ठेवतात आणि तोड झालेल्या उसाच्या मोकळ्या रानाकडे बघत बसतात. मामी जेवायला दोनदा हाक मारतात, तेव्हा कुठं उठतात.