व्हर्लिन स्ट्राउड यांची गाडी चालली होती

शनिवार, दिनांक १५ सप्टेंबर २०१८ रोजी सकाळी, माझे वडील व्हर्लिन स्ट्राउड हयात असताना, शुद्धीवर असताना आणि चाकांच्या खुर्चीत बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहत असताना, त्यांच्याच गॅरेजातून त्यांची गाडी नेण्यात आली. एकसंध नव्हे, तुकड्यातुकड्यांनी. नेणारे चोर नव्हते. ते त्यांचे मित्र होते. येताना त्यांनी डोनट आणले होते आणि जाताना त्यांच्यातल्या दोघांचे डोळे ओले होते. ही तक्रार मला कोणत्याही कचेरीत दाखल करता आली नाही, कारण जे घडले त्याला कायद्यात नाव नाही. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. नाव असते तर मला ठाऊक असते.

वडील संत्री निवडून पेट्यांत भरण्याच्या कारखान्यात फिरते पट्टे आणि मोटारी दुरुस्त करीत. बोलणे बेताचे. पट्टा नादुरुस्त झाला की घरी येऊन आजारी नातेवाइकाची खबर द्यावी तशी त्याची खबर देत: "आज जरा बरा आहे." आमच्या गावात हॉट रॉडचे वेड जुने आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच टाकून दिलेल्या फोर्डचा सांगाडा शोधायचा, त्यात एका गाडीचे इंजिन, दुसरीचा धुरा, तिसरीचा गिअरबॉक्स बसवायचा आणि घरच्या गॅरेजात आपल्या हाताने एक अशी गाडी उभी करायची, जी जगात दुसरीकडे कुठे नाही. गावातल्या निम्म्या हॉट रॉडवर वडिलांचे वेल्डिंग आहे. त्यांची स्वतःची मात्र एकही नव्हती. "आधी आर्लोची होऊ दे," "आधी मॅनीची होऊ दे," असे करता करता ते निवृत्त झाले.

आई गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी सुरुवात केली. सांगाडा कालव्याकाठच्या एका बागेत सापडला. १९३१ सालची फोर्ड, दोन दारांची, अर्धी मातीत रुतलेली, आत कोंबड्यांची वस्ती. बागेच्या मालकाने ती फुकट दिली, मात्र कोंबड्या ठेवून घेतल्या. वडिलांनी छपराचे खांब कापून छप्पर चार बोटे खाली आणले. इंजिन आर्लो पिकेट यांच्या थोरल्या भावाच्या अपघातग्रस्त मर्क्युरी गाडीतले. तो भाऊ त्याच अपघातात गेला होता, आणि ते इंजिन तेव्हापासून आर्लोकाकांच्या पडवीत ताडपत्रीखाली झोपून होते. मागचा धुरा मॅनी अव्हिला यांच्या दूधवाहू ट्रकचा. गिअरबॉक्स आणखी एका मित्राने दिलेला. स्टिअरिंगचे चाक आईच्या जुन्या प्लिमथ गाडीचे. तिच्या बोटांनी ते एका बाजूला गुळगुळीत झाले होते.

इंजिनाला बसायला बैठका हव्या होत्या. वडिलांनी आपला पलंग उलटा केला, त्याच्या लोखंडी पट्ट्या कापल्या आणि त्यांच्या बैठका केल्या. तेव्हापासून ते दिवाणखान्यातल्या कोचावर झोपत.

"पलंगाचं लोखंड, व्हर्लिन?" आर्लोकाका म्हणाले. "अरे, इंजिन झोपून जाईल ना त्यावर!"

"तुझ्या भावाचं इंजिन आहे," वडील म्हणाले. "त्याला उठवायला तुझी आईपण दमायची."

आर्लोकाका इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले. भावाच्या नावाने मी त्यांना हसताना पाहिले ते तेवढेच.

इथे एक रीत सांगणे भाग आहे, कारण सारा तंटा तिच्यावरून आहे. आमच्याकडे असे भाग एकमेकांना दिले जातात, त्यांची किंमत कोणी बोलत नाही. पण गाडी पुरी झाली नाही, तर दिलेला भाग देणाऱ्याकडे परत जातो, म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या गाडीत लागेल आणि गंजणार नाही. गाडी पुरी झाली हे ठरवायची कसोटीही ठरलेली आहे. दर शनिवारी सकाळी सोखाबाईंच्या डोनटच्या दुकानासमोर सगळे जमतात. गाडी स्वतःच्या इंजिनावर तिथपर्यंत आली, की ती गाडी. तोवर ते सामान. ही रीत वडिलांनीही पाळली होती. फ्लॉइड नावाचा त्यांचा एक मित्र गेला तेव्हा त्याच्या बायकोकडून त्यांनी आपला गिअरबॉक्स परत आणला होता. फ्लॉइड मात्र मेला होता. हा फरक मी त्या सकाळी चारदा सांगितला.

आता गाडी चालली होती की नाही, याविषयी. ती चालली होती. मी त्या गाडीत बसले होते.

त्याच वर्षी मार्च महिन्यातल्या एका शनिवारी मी त्यांच्याकडे नाश्त्याला गेले. ते अंगणात उभे होते, हात पुसत होते आणि पुसलेले हात पुन्हा पुसत होते. गाडीला रंग नव्हता, काच नव्हती, बोनेट नव्हते. उघडा पत्रा, त्यावर घासल्याच्या रेघा. माझ्या बसण्यासाठी मॅनीच्या डेअरीचा प्लास्टिकचा क्रेट उलटा घातला होता.

"बस," ते म्हणाले.

"नाश्ता?"

"नाश्ता कुठं पळून जात नाही. ही जाईल."

आम्ही बागांमधल्या रस्त्याने कालव्याच्या पुलापर्यंत गेलो. वारा सरळ तोंडावर येत होता आणि इंजिनाची धग पायांवर.

"आवाज कसा आहे?" त्यांनी ओरडून विचारले.

"काही ऐकू येत नाहीये, बाबा!"

"मग बरोबर आहे!"

पुलापाशी त्यांनी गाडी वळवली. येताना चौक लागतो. तिथून डावीकडे सोखाबाईंचे दुकान, उजवीकडे घर. ते चौकात थांबले.

"घ्या ना डावीकडे," मी म्हणाले. "सगळे बसले असतील."

त्यांनी उघड्या पत्र्याकडे पाहिले. "अशी नेऊ होय? लग्नाला पोरगी परकरावर नेतात का?"

"आर्लोकाकांनी तर गंजलेलीच नेली होती."

"आर्लोला लाज कधी होती?" ते म्हणाले. "रंग होऊ दे. मग बघू देत डोळे फाडून." आणि त्यांनी उजवीकडे वळवली.

आमच्या लोकांची ही जुनी खोड आहे. गाडी आधी उघड्या पत्र्यावर चालवून पाहतात, सगळे जागच्या जागी बसते याची खात्री करतात आणि मग रंगासाठी शेवटच्या बोल्टपर्यंत पुन्हा सुटी करतात. चालणारी वस्तू मोडून ठेवण्याची हिंमत ज्याला आपण ती पुन्हा जोडणार याविषयी तिळमात्र शंका नाही, त्यालाच होते. वडिलांना शंका नव्हती. एप्रिल सरेपर्यंत गाडी भिंतीला टेकून, फळ्यांवर, डब्यांत आणि छताला टांगून होती. कशावरही चिठ्ठी नव्हती. त्यांना ती लागत नसे.

जूनमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. कळत सगळे होते. मी त्यांच्या घरी राहायला आले.

माझा भाऊ डेल ॲरिझोनात असतो. तो सप्टेंबरात सुट्टी काढून आला आणि आल्या आल्या आर्लोकाकांना फोन केला. मला विचारले नाही, वडिलांना विचारण्याचा प्रश्नच त्याच्या मनात आला नसावा. त्या शनिवारी सकाळी त्याने गॅरेजचे दार वर केले आणि बाहेर तीन पिकअप उभे होते.

"काय चाललंय हे?" मी विचारले.

"बाबा आता पाना धरणार नाहीत, कोरिन," डेल म्हणाला. "लोकांचं सामान लोकांना देऊन टाकू. बाबांनाही तेच आवडेल."

"बाबा आत बसलेत. त्यांना विचार."

"काय विचारू? ते बोलतात का?"

आर्लोकाका टोपी हातात घेऊन पुढे आले. "पोरी, चिडू नकोस. हे आमच्या जिवावर आलंय. पण भावाचं इंजिन आहे माझ्या. पुन्हा ताडपत्रीखाली मी नाही बघू शकत त्याला."

"ही पुरी झालेली गाडी आहे. मार्चमध्ये चालली आहे. मी आत होते."

"कुठपर्यंत चालली?"

"पुलापर्यंत. आणि परत."

आर्लोकाकांनी मॅनीकडे पाहिले. मॅनीने जमिनीकडे पाहिले. "दुकानापर्यंत नाही आली ना, ताई," तो हळूच म्हणाला.

"मी साक्ष देते आहे!"

"तू मुलगी आहेस त्याची," आर्लोकाका म्हणाले. "त्याच्यासाठी तू गाडी चंद्रावर जाऊन आली असंही सांगशील. आणि मी तुला त्याबद्दल बोल लावणार नाही."

मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवत आले की प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे लागते. त्या दिवशी एका गॅरेजात माझे म्हणणे नीट ऐकून घेतले गेले आणि आदराने बाजूला ठेवले गेले.

मग त्यांनी जे केले ते त्यांच्या मते सभ्यपणाचे होते. त्यांनी वडिलांची खुर्ची गॅरेजात आणली. आर्लोकाका त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. "व्हर्लिन, म्हाताऱ्या. इंजिन नेतोय. चालेल ना?"

वडिलांनी डावा हात उचलला आणि मनगट फिरवले. उजवीकडे. पुन्हा उजवीकडे. पुन्हा.

"बघ," आर्लोकाका म्हणाले, "निरोप देतोय."

"निरोप नाही, आर्लोकाका! ते कसतायत. पाना उजवीकडे फिरवतायत, बघा नीट. जोडा म्हणतायत."

"कोरिन," डेल म्हणाला, "अशा हालचालींना काही अर्थ नसतो. डॉक्टर म्हणालेत."

"कुठल्या डॉक्टरने बोल्ट कसलाय?"

इंजिन साखळीवर चढले. मॅनीने धुरा नेला. तिसऱ्या मित्राने आपला गिअरबॉक्स नेला. सांगाडा कोणी दिलेला नव्हता, म्हणून तो डेलने गावाबाहेरच्या एका माणसाला देऊन टाकला. वडिलांचा हात सगळा वेळ फिरत होता. शेवटी दमून तो मांडीवर पडला तेव्हा आर्लोकाकांनी त्यांच्या खांद्यावर थोपटले आणि एक डोनट त्यांच्या ओठांशी धरला. वडिलांनी तोंड उघडले नाही.

पलंगाच्या लोखंडाच्या बैठका इंजिनाबरोबर सुटून आल्या होत्या. "या आमच्यातल्या नाहीत," असे म्हणून आर्लोकाकांनी त्या प्रामाणिकपणे भिंतीशी ठेवल्या. स्टिअरिंगचे चाकही राहिले. ते मी वडिलांच्या खोलीत खिळ्याला अडकवले.

त्या हिवाळ्यात मी एक बैठक त्यांच्या खुर्चीच्या फळीला पक्की बांधून दिली, तिच्या भोकात एक बोल्ट आणि नट घातला. ते डाव्या हाताने नट कसत. चिमटीतून निसटला की पुन्हा धरत. आणखी फिरत नाही असे झाले की माझ्याकडे पाहत, आणि त्या चेहऱ्यावर पुलाजवळचा चेहरा क्षणभर येत असे. ते झोपले की मी नट सैल करून ठेवी, म्हणजे सकाळी त्यांना काम असे. त्यांना हे कळत होते. एकदा सकाळी त्यांनी सैल नटाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि कारखान्यातल्या कुचकामी मदतनिसाकडे पाहून हलवावी तशी मान हलवली. मग कसायला लागले.

एप्रिलमध्ये, संत्र्यांच्या मोहोराच्या वासाने खिडक्या लावून घ्याव्या लागतात त्या दिवसांत, ते गेले. नट कसलेला होता. मी तो त्यानंतर सैल केलेला नाही.

आमच्याकडे अशा माणसाच्या शववाहिकेमागे हॉट रॉडची रांग निघते. रांग सोखाबाईंच्या दुकानासमोर थांबते, सगळे एकदम उभ्या गाड्यांच्या इंजिनांचा आवाज चढवतात आणि मग स्मशानाकडे जातात. शववाहिकेच्या लगेच मागे आर्लोकाकांची लाल गाडी होती. मी शववाहिकेत पुढे बसले होते, तिच्याकडे पाहिले नव्हते. तिच्यातले इंजिन मी ओळखले ते आवाजावरून. त्या आवाजात मी क्रेटवर बसले होते. तिच्यामागे मॅनीची गाडी होती आणि तिच्याखाली तो धुरा होता. गिअरबॉक्सही रांगेत कुठेतरी होता.

दुकानासमोर इंजिनांचा आवाज चढला. सोखाबाई दारात हात जोडून उभ्या होत्या. आर्लोकाका गाडीतून उतरून माझ्या खिडकीशी आले. ते ढसाढसा रडत होते, आणि ते रडणे खोटे नव्हते, हेही मी नोंदवते.

"ऐकलंस, पोरी? आली बघ दुकानापर्यंत. आज पुरी झाली व्हर्लिनची गाडी."

"कुठली गाडी, आर्लोकाका?" मी म्हणाले. "मला दाखवा. मला तिच्यात बसायचंय."

ते वळले. त्यांनी आपल्या गाडीकडे पाहिले, मग मॅनीच्या, मग तिच्यामागच्या, मग त्याही मागच्या. रांग कोपऱ्यापर्यंत होती. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली. मग टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, आणि परत जाऊन आपल्या गाडीत बसले. स्मशानापर्यंत त्यांचे इंजिन सगळ्यांत हळू चालत होते.

पुढे त्यांनी मला निरोप पाठवला की हवे असेल तर इंजिन परत ने. मी ते कशात बसवू?

ही तक्रार मिटण्यासारखी नाही आणि मी ती मिटवायला लिहिलेली नाही. वाचणाऱ्यांकडे माझी मागणी आहे, आणि ती साधी आहे. तुमच्या घरात किंवा शेजारात असा कोणी असेल ज्याची वाचा गेली आहे आणि ज्याचे काम सुटे होऊन पडले आहे, तर त्यातली एकही वस्तू उचलण्याआधी त्याच्यासमोर बसा, त्याला विचारा आणि त्याच्या हाताकडे पाहा. उत्तर कळले नाही, तर ते 'नाही' असे धरा.