यादीत नसलेलं घर

हिंगोलीत आम्ही राहायचो त्या जागेला आम्ही नुसतं वस्ती म्हणायचो. झोपडपट्टी हा शब्द बाहेरच्यांचा. रिक्षावाला म्हणायचा, दुकानदार म्हणायचा आणि आमच्यातल्या मोठ्या माणसांच्याही नाकाला मिरच्या झोंबायच्या. आठवीत असताना वर्गातल्या एका मुलीने माझ्या डब्याकडे बघून तो शब्द उच्चारला, तेव्हा मी घरी येऊन जेवलेच नाही. बाबांना बजावलं, आपल्या घराला कुणी झोपडपट्टी म्हटलं तर ऐकून घ्यायचं नाही. बाबा मोंढ्यात, बाजार समितीच्या आवारात, हळदीची पोती उचलायचे. सेनगावकडचं गाव सोडून आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने चार भिंती उभ्या केल्या होत्या, विटांच्या, वर पत्रे. माझं म्हणणं त्यांना पटलं. पटलं कसलं, त्यांनी लेकीचा हट्ट मानला.

त्याच उन्हाळ्यात एक सरकारी माणूस वही घेऊन दारोदार फिरला. झोपडपट्टीतल्या घरांची यादी करतोय, नाव सांगा, म्हणाला. मी दारातच उभी होते. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"आमचं नाव लिहू नका साहेब. हे झोपडपट्टीतलं घर न्हाई."

मला त्यांचा केवढा अभिमान वाटला. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. शेजारच्यांनी मुकाट्याने नावं दिली. तीन-चार वर्षांनी त्याच यादीवरून त्यांना जागेचे कागद मिळाले आणि आम्हाला घर खाली करायची नोटीस आली.

घर पाडायला माणसं आली तेव्हा मी कॉलेजात जात होते. आईने भांडीकुंडी, गोधड्या आधीच रस्त्यावर आणून ठेवल्या होत्या. त्या माणसांबरोबर आलेल्या साहेबांपुढे बाबा हात जोडून उभे होते.

"झोपडपट्टीच हाय साहेब ही. पहिल्यापासून झोपडपट्टीच हाय. कुणालाबी इचारा."

साहेब शांतपणे म्हणाले, यादीत नाव नाही, मी काय करू? त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे भांडायलाही काही उरलं नाही. बाबा माझ्याकडे वळले. घरात शिकलेली मी एकटीच.

"तू सांग बाई साहेबाला. आपुन झोपडपट्टीतलेच हाव म्हणून सांग."

जमलेल्या बघ्यांत माझ्या वर्गातल्या दोघीजणी होत्या. मी पाण्याचा हंडा उचलला आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिले.