पहिल्या रविवारचं तबक

आमच्या हडको वसाहतीत नळाला पाणी आलं की घरोघरी मोटरी सुरू होतात. मोटर लावली की लाइनीतलं पाणी आपल्याकडे ओढलं जातं आणि पुढच्या घराच्या नळातून नुसती हवा येते. यात पाप आहे असं कुणाला वाटत नाही. आईला वाटायचं. त्यामुळे गल्लीतल्या टाक्या भरून वाहायला लागल्या तरी आम्ही करंगळीएवढ्या धारेखाली बादली लावून बसलेलो असायचो. मी वैतागायचे. आई म्हणायची, "शेजाऱ्यावर प्रीती कर म्हणलंय. त्याची मोटर बंद असली तरच कर, असं नाय म्हणलं."

अशा बाईबरोबर राहणं सोपं नसतं. मी अविवाहित, शाळेत शिकवते, जन्मभर तिच्याजवळच राहिले, म्हणून सांगते.

आम्ही ख्रिस्ती. आमच्या चर्चच्या मंडळीत 'नीतिमान' हा शब्द फार वापरतात, पण बहुतेक मयतीत. जिवंत माणसाला तो कुणी लावत नाही. आईला लावायचे आणि तिथंच घात झाला.

आईची धाकटी बहीण, माझी मावशी, छावणी भागात चर्चच्या मागेच राहते. तिच्या एकुलत्या एक मुलीला कन्नड गावचं चांगलं स्थळ आलं होतं. या मुलीला लहानपणापासून झटके यायचे. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बाहेर कुणाला नाही. एका रविवारी उपासना आटोपल्यावर मुलाची आई थेट आमच्या घरी आली. "तुम्ही खोटं बोलत नाही असं सगळी मंडळी सांगते, म्हणून विचारते," ती म्हणाली. "मुलीला काही आजार आहे का?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. डोळ्यांनी आईला किती खुणावलं! आईनं माझी खूण पाहिलीसुद्धा.

"झटके येतात तिला," ती म्हणाली. "रोज गोळी घेती. पण पोरगी लई गुणाची हाय, माझ्या पोरीपरीस गुणाची."

त्या बाईंनी पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं. स्थळ मोडलं, का मोडलं ते चारचौघांत पसरलं आणि मग दुसरं आलंच नाही. मावसबहीण आता चाळिशीच्या पुढे आहे आणि आपल्या आईजवळच राहिली, माझ्यासारखीच.

मावशीनं बोलणं टाकलं. आई तिच्या दारात गेली, पदर पसरून माफी मागितली. मावशी म्हणाली, "मंडळीसमोर उभी राहा आन् सांग, माझ्या भाचीला काय नव्हतं, मी खोटं बोलले. मग ये." आई तशीच परत आली. चपला काढता काढता मला म्हणाली, "खोटं बोलले, हे खोटं कसं बोलू गं?"

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे ठेवलेलं तबक बाकाबाकांवरून फिरतं, ज्यानं त्यानं तुकडा उचलायचा आणि तबक शेजारच्याच्या हाती द्यायचं. त्याआधी मन साफ हवं. कुणाच्या मनात आपल्याबद्दल काही असेल तर आधी जाऊन समेट करायचा, मग देवासमोर यायचं, अशी शिकवण आहे. मंडळीतल्या निम्म्या लोकांची एकमेकांवर कोर्टात प्रकरणं चालू आहेत आणि तरी सगळे खुशाल तुकडा उचलतात. मावशीनं बोलणं टाकल्यापासून आईनं उचलला नाही. तबक आलं की दोन्ही हातांनी धरायची, क्षणभर बघायची आणि पुढे द्यायची. दोन बाकं सोडून मावशी बसलेली असायची. ती घ्यायची.

चर्चच्या पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं. "तुम्ही तुमच्या बाजूनं केलंत बाई. आता घ्या." आई म्हणाली, "समेट कर म्हणलंय साहेब. करून बघ असं नाय म्हणलं." ते गेले. त्यांच्यानंतर दुसरे आले, त्यांनाही तिनं हेच ऐकवलं.

मग तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. तिला अन्नाची वासना उरली नव्हती. घरी पडल्या पडल्या एकच मागायची, तो भाकरीचा तुकडा. एकदा तरी घेऊन मरावं, एवढंच. पाळकसाहेब घरी येऊन द्यायला तयार होते. ती म्हणायची, "आधी तिला आण."

मी रिक्षा केली आणि छावणीत गेले. मावशीच्या पाया पडले. आमच्यात पाया पडत नाहीत, पण मी पडले. "मावशी, एकदा ये. काही बोलू नकोस, नुसता हातात हात दे."

मावशी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "ती खरं बोलली, हे मला ठाव नाय व्हय? खोटं बोलली असती तर कवाच माफ केलं असतं. खरं बोलणाऱ्याचं काय माफ करायचं? त्याचं चुकलेलंच काय असतं?"

आत मावसबहीण शिलाई मशीनवर बसलेली होती. मशीन थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणली?" येते म्हणाली, असं सांगता आलं असतं. त्या घरात वाढल्यावर ते जमत नाही. मी शब्दन् शब्द सांगितला.  "खरं हाय तिचं," आई म्हणाली आणि भिंतीकडे वळली. ती गेली तेव्हा पाळकसाहेब आणलेला तुकडा तसाच रुमालात गुंडाळून परत घेऊन गेले.

मयतीत 'नीतिमान' हा शब्द चारपाच वेळा आला. मावशीनं कबरीत माती टाकली आणि सगळ्यांत मोठ्यानं रडली. मला तिचा गळा धरावासा वाटला.

पुढच्या पहिल्या रविवारी ती येऊन माझ्याच शेजारी बसली, आईच्या जागेवर. तबक आलं. तिनं तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि तबक माझ्या हातात दिलं. मी ते पुढे दिलं.

"का गं, घेतलं नाहीस?" तिनं हळूच विचारलं.

घसा दुखतोय म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणाले, "तुझ्याबद्दल मनात राग आहे. जात नाही."

मावशीनं पिशवी उचलली. मग जाऊन पुन्हा दोन बाकं सोडून बसली. तेव्हापासून दर पहिल्या रविवारी तबक माझ्या हातात येतं. मी ते दोन्ही हातांनी धरते आणि पुढे देते.